पत्र्यावर वाळवलेलं बियाणं

चहा हातात घेतलाच हाय तर ऐका, माझी कशी फजिती झाली. पण आधीच सांगतो, चूक माझी न्हवती. म्हणजे तवा मला तसंच वाटून राहिलं होतं.

माझा मेव्हणा कोल्हापूरकडं ऱ्हातो. त्यानं सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणूंचं पाकीट चोळून पेरलं अन् मुळाचा फोटो पाठवला. नुसत्या गाठीच गाठी. ह्याच गाठी झाडाला हवेतलं नत्र खाऊ घालतेत म्हणे.

मीबी आमच्या तालुक्याच्या, सेनगावच्या दुकानातून तेच पाकीट आणलं. बियाण्याला चोळलं, अन् मेव्हण्यानं सांगितलं तसं घराच्या पत्र्यावर वाळू घातलं. बायको म्हणली, "मला शिडी चढवत न्हाई." तिनं आपली एक पाटी लिंबाखालीच पसरली. मी म्हणलो, कामचुकार.

महिनाभरात रान पिवळं. पावसाळ्याचं एवढंच पीक आमचं. झाड उपटलं, तर मुळं गुळगुळीत. गाठ म्हणून न्हाई.

डोकंच फिरलं. कोल्हापूरला अस्सल माल अन् आमाला दुय्यम? काहून? रस्ते तसे, पाणी तसं, आता जिवाणूबी तसलेच घ्यायचे का आमी? पिवळी पेंढी घेऊन दुकानात घुसलो. "चला रानात, गावासमोर दाखवतो." गावबी गोळा केलं.

दुकानदार थंड माणूस, गुमान रानात आला. बांधालगत पिकाच्या चार ओळी तेवढ्या हिरव्यागार होत्या, तिथलंच झाड त्यानं उपटलं. मुळाला गाठीच गाठी.

"हे कुठलं बियाणं?"

"माझ्या पाटीतलं," बायको म्हणली. "सावलीत वाळलेलं. बाकीचं ह्यायनं पत्र्यावर घातलं व्हतं."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "आवो, जिवाणू जिते असतेत. उन्हात मरतेत ते."

"मेव्हण्यानंबी पत्र्यावरच वाळवलं की!"

"तिकडं तवा ढग असतेत, पत्रा गार ऱ्हातो. तुमच्या पत्र्यावर पेरणीच्या वक्ताला पापड भाजतेत."

गाव हसून राहिलं अन् माझा राग तसाच. आता तो काढू कुणावर, मेव्हण्यावर का सूर्यावर? युरिया टाकून पीक कसंबसं सावरलं, पण गावात तोंड दाखवायची सोय न्हाई ऱ्हायली.

यंदा बियाणं बायकोनंच चोळलं. मला राखणीला बसवलं, शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून. जरा पाय मोकळे करावे म्हणून उन्हात निघालो, तर मागून आवाज आला.

"आवो, सावलीतच बसा. डोक्यात थोडंफार जितं आसंल, तेबी मरंल."