थर्ड गियरात कसारा घाट

शहापूरला हायवेच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती. शेड माझी, जागा बाची. तिथं पूर्वी आमचं खळं होतं, भात झोडायचं. मी ट्रकांची कामं शिकून आलो आणि हट्टानं तिथंच खांब ठोकले. तेव्हापासून बाला भात झोडायला दुसऱ्याच्या खळ्यावर जावं लागायचं आणि तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. "इंजिनाला लोंब्या लागल्या का रे?" हे त्याचं नेहमीचं विचारणं.

साठ सालाच्या आगेमागे, भर पावसाळ्यात, शेडीसमोर एक लाल, दोन माणसांची छोटीशी स्पोर्ट्स कार येऊन थांबली. मालक मुंबईच्या एका कॉलेजातले प्रोफेसर. मायदेशी परतणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती स्वस्तात घेतली होती. मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. एका रांगेत सहा सिलिंडर! पण एकेक चहाच्या कपाएवढा. आवाज वाघाचा नि ताकद शेळीची.

"काल कसारा घाटात भरलेल्या बसनं मला मागं टाकलं," प्रोफेसर म्हणाले. "वर मागच्या खिडकीतून एका कार्ट्यानं जीभ काढून दाखवली. हिची ताकद वाढव बाबा. मात्र माझ्याकडे मास्तरकीचा पगार आहे, दुसरं काही नाही."

मी म्हटलं, "ब्लोअर बसवू. इंजिन आपण होऊन श्वास घेतं तो अपुरा पडतो. आपण पंपानं हवा आत कोंबायची. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा ताकद. आई चुलीत फुंकणीनं फुंकते ना, तसंच."

बा कोपऱ्यात बसून इरलं दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "फुंकणीनं भाकर भाजते. डोंगर नाय चढत."

झालं! माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाला आधीच दार नाही. मी ओरडलो, "सबंध कसारा घाट थर्ड गियरात चढवून दाखवीन! मधी एकदा जरी सेकंडला टाकावी लागली, तर ही शेड माझ्या हातानं उपटीन आणि तुझं खळं तुला देईन!"

बानं इरलं खाली ठेवलं. "बोल्लास ना? साहेब, तुमी ऐकलंत. भात कापणीला यायच्या आत." आणि इरलं डोक्यावर घेऊन पावसात निघून गेला.

आता ब्लोअर काय झाडाला लागतो? कल्याणला लढाईच्या वेळचं मिलिटरीचं भंगार अजून विकत मिळायचं. तिथं दोन दिवस चिखल उपसला तेव्हा विमानात हवा पुरवायचा एक पंप हाती लागला. पंप फिरवायला पट्टा हवा होता. शिवाय इतकी हवा कोंबली की इंजिन आतून ठोके मारतं, म्हणून हेडखाली, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखाली, तांब्याचं जाड पॅकिंग हवं होतं. या दोन्ही गोष्टींसाठी मी धसईला आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भाताची गिरणी ती एकटी चालवायची, आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून चढवून तिला हळू बोलताच येईनासं झालं होतं. तिनं माळ्यावरचा फुटका तांब्याचा हंडा दिला, गिरणीचा जुना पट्टा दिला, आणि शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

हंडा कापला, तापवला, ठोकून सपाट केला, सहा भोकं पाडली. पट्टा उभा चिरून अरुंद केला. कल्याणच्या लेथवर पट्टा चढवायला दोन पुल्या कातून आणल्या. सगळं जोडून इंजिन चालू केलं. काय शिट्टी घातली म्हणता त्या ब्लोअरनं! रस्त्यावरचे बैल बुजले. मी नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात फटाक! पट्टा उडून बाहेर.

परत चढवला, परत उडाला. पुली सरळ केली, पट्टा ताणला, शिवण बदलली. दर वेळी एखादं मिनिट गुण्यागोविंदानं चालायचा, मग हळूच कडेला सरकायचा आणि फटाक! आठवडा गेला. शेतात लोंब्या धरायला लागल्या होत्या. एक दिवस मी संतापून हातातला पाना शेजारच्या भातात भिरकावला. मग तास दीड तास गुडघाभर चिखलात तोच शोधत बसलो, कारण त्या मापाचा दुसरा नव्हता. बा बांधावरून जाता जाता म्हणाला, "आता पाने लावतोस काय रे? भाताची आवणी झाली की कधीच."

दुसऱ्या दिवशी पुली आणि पट्टा घेऊन तडक धसई गाठली. "कुजका पट्टा दिलास मला!" मी दारातूनच ओरडलो.

आत्या मशिनीत भात ओतत होती. तिनं पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुली घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सपाट हाय ही."

"पुली सपाटच असते गो आत्या!"

"असं? थांब." तिनं इंजिन बंद केलं, मला शिडीवर चढवलं आणि वरच्या मोठ्या पुलीवर माझा तळवा टेकवला. पुली मधे फुगीर होती, अगदी किंचित. "पुलीला पोट लागतं, शान्या. पट्टा उंचावर चढायला बघतो. मधी उंच असलं तर मधी ऱ्हातो. सपाट असलं तर कडेनं पळतो. धा वरसं मी हेच बघतेय. अन् तू मिस्तरी म्हणवतोस!"

सरळ सांगतो, मला लाज वाटली. त्या गिरणीत मी लहानपणापासून जात होतो आणि वर कधी बघितलं नव्हतं. परत येऊन पुल्या एकेक करून इंजिनावरच फिरत ठेवल्या आणि कानशीनं दोन्ही कडा घासत गेलो, मधे नखाएवढं पोट राहीपर्यंत. मग पट्टा चढवला. तो मधोमध जाऊन जो बसला तो हललाच नाही. त्या रात्री मी चार भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ठरल्या दिवशी गाडी कसाऱ्याला निघाली. गाडीत जागा दोघांची. प्रोफेसर चालवणार आणि शेजारी साक्षीदार म्हणून बा. त्याला मी सगळं समजावलं होतं: खालीच थर्ड पडेल, त्यानंतर साहेबांचा हात गियरच्या या दांड्याला लागला तर मी हरलो. साक्षीदार म्हणून बाला तोड नव्हती. बांधाच्या भांडणात त्यानं सख्ख्या चुलत्याविरुद्ध खरं सांगितलं होतं, आणि दोन वर्षं त्या घराशी जाणं-येणं तुटलं तरी शब्द फिरवला नव्हता.

मी आधीच एका ट्रकनं वर जाऊन शेवटच्या वळणाच्या वर उभा राहिलो. गाडी दिसत नव्हती, पण शिट्टी ऐकू यायला लागली. एकेक वळण चढत होती, थर्डमधेच, दमदार! मी एकटाच टाळ्या पिटत होतो. तेवढ्यात खालच्या वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. शिट्टी एकदम पडली. इंजिनाचा आवाज क्षणभर तुटला आणि वरच्या पट्टीत सुरू झाला. सेकंड. मिस्तरीच्या कानाला ते सांगावं लागत नाही. मी कठड्यावर बसलो आणि शेडीचे पत्रे कुठून सोडवायला घ्यायचे ते मनात मोजू लागलो.

गाडी वर येऊन थांबली. बाची टोपी नव्हती, केस उभे, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तो हसत होता. तोंड उघडून, मोठ्यानं! असा हसलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"टोपी गेली रे! दरीत गेली!"

प्रोफेसरांनी इंजिन बंद केलं. खाली बघत म्हणाले, "त्याचं असं झालं, त्या वळणावर समोरून ट्रक—"

"थर्डात आली," बा मधेच म्हणाला. हसणं थांबलं होतं. "खालपास्नं वरपातुर. साहेबांचा हात दांड्याला लागला नाय."

"बा," मी म्हणालो, "मी वरून ऐकलं—"

"साक्षीला मी होतो का तू?"

बा उतरून बॉनेटपाशी गेला आणि तापलेल्या पत्र्यावर त्यानं तळहात ठेवला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही.

"यंदा आपलं खळं इहिरीपाशी सारवू," तो म्हणाला. "जागा लहान हाय, पण भागंल."