चौथं दार

आमच्या ह्यांना कुणी सुतार म्हटलं, की हल्ली ते स्वतःच दुरुस्ती करतात, "सुतार नव्हे, मोडतोडवाला." गंमत म्हणून म्हणतात, पण त्यात गंमत फारशी उरलेली नाही. एके काळी निम्म्या गल्लीचे पलंग आणि कपाटं ह्यांच्या हातची होती. मग लोक दुकानातून खोक्यात भरलेलं फर्निचर आणायला लागले आणि काम आटलं. आता जुनी कपाटं आणायची, दारं उतरवायची, पलंगांच्या कडा कापून नक्षीपट्ट्या करायच्या आणि ते सगळं कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंतीवर ठोकायचं. वरून एकच फिकट रंग. याला म्हणे फ्रेंच पद्धतीची भिंत म्हणतात. फ्रान्समधली माणसं कपडे कुठे ठेवतात, देव जाणे.

काम देतात त्या सजावटवाल्या बाई. स्वभावाने वाईट नाहीत, पण भिंतीची डावी-उजवी बाजू केसभर चुकलेली त्यांना खपत नाही. कापणं, ठोकणं ह्यांच्याकडे; घासून गुळगुळीत करणं माझ्याकडे. संध्याकाळी दोघांच्याही नाकात भुसा असतो आणि भांडायला त्राण उरत नाही. म्हणूनच आमचं बरं चाललंय, असं मी शेजारणीला सांगते.

त्या खेपेला चार दारांची भिंत होती. चौथ्या दाराची मधली फळी सैल होती. अशी फळी चौकटीच्या खाचेत मोकळीच ठेवायची, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आटतं. हे ह्यांनी जन्मभर भेटेल त्याला ऐकवलेलं. पण त्या दिवशी कंबर धरली होती, फळी खुळखुळत होती, आणि ह्यांनी वैतागून खाचेत गोंद ओतला. भिंतीवर ऊन यायला लागलं तशी फळी वरपासून खालपर्यंत तडकली. बाईंचा फोन आला, "घरमालक परवा राहायला येतायत. तसंच दुसरं दार लावा, नाहीतर पुढची कामं मला दुसऱ्याला द्यावी लागतील."

हे घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता आमच्या कपाटापुढे उभे राहिले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं. गिऱ्हाइकासाठी न केलेली, त्यांच्या हातची घरातली ती एकच वस्तू. आणि दार नेमकं त्याच मापाचं.

"अहो, नजर काढा तिथून," मी म्हटलं.

"मी काही बोललोय का?"

"बोलायचं काय बाकी ठेवलंय?"

"नवं करून देईन गं. याच्यापेक्षा चांगलं."

मी रागाच्या भरात सगळे कपडे पलंगावर भिरकावले. मग येऊन दार धरलं, कारण बिजागऱ्या काढताना ते त्यांना एकट्याला पेललं नसतं.

दार भिंतीवर गेलं. कपाटावर मी जुनी चादर टांगली. "कधी करताय?" विचारलं की "या रविवारी" हे ठरलेलं. एका रविवारी खरंच फळी आणली, तिच्यावर रंधा ठेवला आणि नुसते बसून राहिले. मी चहा दिला. तोही निवला.

पुढे त्याच घरी रंगाचे टवके दुरुस्त करायला आम्ही दोघं गेलो. बाई तिथेच होत्या. त्यांनी चौथ्या दारावर हात फिरवला.

"बाकीच्या तिन्ही दारांचे सांधे रंगातून वर आलेत. ह्याचे शोधून सापडत नाहीत. कुठून आणलंत हो हे?"

"असंच, जुन्या सामानातलं," हे म्हणाले.

"असं काम करणारं कुणी आहे का तुमच्या माहितीत? मला एक अख्खं कपाट करून घ्यायचंय."

मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल.

"नाही हो बाई. असं करणारा आता कुणी राहिला नाही."

त्यात ना राग होता, ना रुसवा. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं सांगितलं. मला रडू फुटलं. मी भिंतीकडे तोंड करून घासत राहिले.

घरी जाताना जिन्यात मी म्हटलं, "अहो, ते दार राहू द्या. नका करू आता."

"बरं," ते लगेच म्हणाले.

मला वाटलं होतं, निदान थोडा वाद घालतील.