बारा पाण्यांची बाटली

उबेच्या कपाटाचं दार उघडण्याआधी बाई बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या आणि विचारायच्या, "आहात का?" आत कोण, तर काचेच्या चपट्या बाटल्या. बाटल्यांत गुलाबी पाणी आणि तळाला चिकटलेल्या माणसाच्या जिवंत पेशी. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. तुम्हालाही वाटलं असतं.

गिरण्यांच्या संपानंतर मी परळला बाईंच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो. त्याआधी गिरणीत रंगखात्यात होतो. शिक्षण चौथी. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, कापडातला जादा रंग पुरता गेला हे कसं ओळखता? मी म्हटलं, शेवटचं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन बघतो. म्हणाल्या, "उद्यापासून या."

साबणाचा कण राहिला तरी पेशी मरायच्या, म्हणून प्रत्येक बाटलीला बारा पाणी. अकरावर थांबलो तर बाईंना कळायचं. कसं, ते देव जाणे.

कारखान्यात वापरतात ती रसायनं बाई या पेशींवर घालायच्या आणि बघायच्या, याने माणसाला कॅन्सर होऊ शकेल का. रसायनाला नाव नसायचं, नंबर असायचा. वरचे साहेब रिपोर्टची घाई करत आले की बाई बाटल्यांकडे बोट करून म्हणायच्या, "त्यांना विचारलंय. सांगतील तेव्हा सांगतील." साहेब वळले की हळूच मला म्हणायच्या, "यांनाच बसवू या एकदा बाटलीत."

दिवसभर मी त्या बाटल्या धूत होतो आणि लालबागला माझ्या खोलीत स्टोव्हवर रंगाचं पातेलं उकळत होतं. हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

संपात मी घरी बसलो, तेव्हा आमच्या हिने साड्या रंगवायला घेतल्या. चाळीतल्या बायका विटलेल्या साड्या आणून द्यायच्या, कोणी हिंदमाताच्या बाजारातून स्वस्तातली फिकी साडी आणायची. रंगाची पूड मीच पूर्वी गिरणीतून पुड्या बांधून आणलेली. ती सरल्यावर त्याच जातीची बाजारातून आणायचो. ही कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. हात सदा लाल. शेजारणी चिडवायच्या, "काय गो, रोज नवी नवरी?" मीही हसायचो. संप विझला, गिरणी बंद पडली, पातेलं काही बंद पडलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा ती म्हणाली, लघवी लाल होते. रंगखात्यात आमची कधी पिवळी, कधी लाल व्हायची. आम्ही एकमेकांना सांगून खिदळायचो. म्हणून मी म्हटलं, "रंगच असतलो तो. जातलो दोन दिसांनी." वर्षभर आम्ही दोघं रंग जायची वाट बघत बसलो. ते रक्त होतं. मूत्राशयाचा कॅन्सर. डॉक्टरांना गाठलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर उरलेली पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, विचारा त्यांना. बाईंनी पुडीकडे बघितलं, हातमोजे चढवले आणि मगच तिला हात लावला. माझं उत्तर मला तिथेच मिळालं होतं, मी घेतलं नाही.

पहिल्या खेपेला पेशींना काहीच झालं नाही. धडधाकट होत्या. त्या दिवशी मी कितीतरी आठवड्यांनी पोटभर जेवलो. बाई मात्र वही पुन्हा पुन्हा चाळत होत्या. आठ दिवसांनी म्हणाल्या, "मीच प्रश्न अर्धा विचारला. बाटलीतल्या पेशीला यकृत नसतं, माणसाला असतं." काही रंग यकृतात जाऊन बदलतात आणि मग डसतात, असं त्यांनी समजावलं. आता उंदराच्या यकृताचा रस घालून सगळं पुन्हा करायचं. मी हात जोडले. आलंय ना उत्तर, राहू द्या.

"तुम्ही अकरा पाण्यांवर थांबता का?" त्या म्हणाल्या.

नंतर एके दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. पेशीच्या पोटात बारीक धागे असतात. ते जागोजाग तुटले होते. तुटलेला धागा गिरणीवाल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मी विचारलं, "म्हणजे मीच ना, बाई?"

मला एक खोटं हवं होतं. एवढंच. ते त्यांनी दिलं नाही.

"हा रंग माणसाची पेशी मोडतो, एवढंच त्यांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. "तो घरी कोणी आणला, हे त्यांना माहीत नाही. आणि आणताना तुम्हालाही काही माहीत नव्हतं."

त्याने काही हलकं झालं नाही.

रिपोर्ट वर गेला. वरून खाली काहीच आलं नाही. पूड बाजारात मिळत राहिली, मी स्वतः जाऊन बघून आलो.

बाई मात्र पिशवीत रिकाम्या बाटल्या घालून आमच्या चाळीत आल्या. हिच्याबरोबर पातेलं ढवळणाऱ्या चार बायका होत्या. एकेका दारावर पेराने टकटक, "आहात का?" लघवी तपासायची म्हटल्यावर एक जण फाडकन म्हणाली, "ह्या हातांनी पोरं जगवली आम्ही, बाई. आता आमचं मुतसुद्धा बघणार?" बाई तिच्या उंबऱ्यात बसून राहिल्या. शेवटी तिने बाटली घेतली. तिचंच दुखणं वेळेत सापडलं. अजून आहे, नळावर भांडते.

सगळ्यात शेवटी माझं दार. बाटली पुढे करून म्हणाल्या, "आता तुमची." उद्या देतो म्हटलं. त्यानंतर दर सोमवारी, कपाटावर टकटक करून झाली की मागे न बघता म्हणायच्या, "तुमचं राहिलंय." मी हो म्हणायचो. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही तेवढंच बोलल्या. गेल्या वर्षी बाई वारल्या. मला महिन्याने कळलं.

बाटली फळीवर आहे, हिच्या फोटोशेजारी. बारा पाण्यांनी धुतलेली, कोरडी. लोकांना वाटतं म्हातारा रोगाला घाबरतो. रोग निघाला तर हिच्याशी फिटंफाट होऊन मी सुटेन. पण पूड आणणारा मी, आणि तरी माझी लघवी स्वच्छ निघाली तर?