तेविसावा फर्मा दोनदा

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे वाकडमानी म्हणत. जन्मतः मान सरळच होती हो तिची! वाकडी झाली ती वाचनापायी. छापखान्यातून येतो तो मोठा ताव, त्यावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं, काही सुलटी, काही डोक्यावर उभी, तिसऱ्याच्या शेजारी चौदावं. त्याला तीन घड्या घातल्या की पानं शहाण्यासारखी रांगेत येतात. त्याचं नाव फर्मा. असे चोवीस फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. वाकडमानी एकवीस वर्षं घड्या घालत होती आणि मान कधी इकडे, कधी तिकडे कलती करून वाचत होती.

मुकादम ओरडायचा, "अगं, तुला पगार घडीचा आहे, वाचनाचा नाही!"

"मग डोळ्यांचा वेगळा लावा," ती म्हणायची.

घरी धाकटी बहीण. दोघींची लग्नं राहिली ती राहिलीच. धाकटीही त्याच कारखान्यात, शिलाईला. टाका असा घालायची की पुस्तक फाटेल पण दोरा हलणार नाही. मग छातीच्या दुखण्यानं तिला धरलं ते सोडेचना. डॉक्टरांनी थोरलीला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "महिना. फार तर दीड." ती आत आली आणि म्हणाली, "औषध बदललंय." 

धाकटीचा जीव मात्र अडकला होता एका कादंबरीत. पहिले दोन भाग तिनंच शिवले होते, त्यांच्या वाया गेलेल्या प्रती उशाशी होत्या. गोष्ट काय, तर डोंगरावरची एक हाडवैद्य बाई. चाळिशीची, जिभेची तिखट, केस पिकायला लागलेले. तिच्या दारात येऊन पडतो पंखांचा एक सरदार, एक पंख मोडलेला. त्याला शाप असा, की प्रेमाचा एक शब्द तोंडातून गेला की एक पीस गळणार. म्हणून पठ्ठ्या बोलतच नाही. पहाटे उठून तिच्यासाठी पाणी तेवढं तापवून ठेवतो.

"या वयात पंखांचे नवरे कसले वाचतेस?" शेजारच्या मावशी नाक मुरडायच्या.

"पंखांसाठी कोण वाचतंय मावशी? पंख तर कोंबडीलाही असतात," धाकटी म्हणायची. "त्याला पहिल्यांदा चूल पेटवता येत नाही, धूर करून ठेवतो, आणि ती हसत नाही. ती हसली नाही ना, त्यासाठी वाचते मी."

तिसरा, शेवटचा भाग कारखान्यात आला तेव्हा धाकटीला उशीला टेकूनही बसवेना. पुस्तक बाजारात यायला तीन महिने होते. थोरलीनं ठरवलं, हिला शेवट ऐकवायचाच, मग काय वाटेल ते होवो. पण बाजारात येण्याआधी कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही, असा मालकांचा कडक नियम. मग ती डोक्यातून न्यायला लागली. टेबलावरच्या प्रत्येक बाईकडे वेगळा फर्मा. जेवणाच्या सुट्टीत ही सगळ्यांना गाठायची.

"तुझ्यात काय झालं?"

"माझ्यात तो आंघोळ करतोय. सोळाच्या सोळा पानं!"

"मेली नशीबवान. माझ्यात नुसतं बर्फ पडतंय."

संध्याकाळी ती धाकटीला सगळं सांगायची. मुक्याबिक्याची जागा आली की आवाज खाली जायचा.

"आता का पुटपुटतेस गं, ताई?"

"मावशी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही बरं वाटेल." आणि हसता हसता धाकटीला खोकल्याची अशी उबळ यायची की थोरली तिची पाठ धरून नुसती बसायची.

तेविसाव्या फर्म्यात हाडवैद्य बाई तापानं अंथरूण धरते. चोविसावा घडीला आला तो नेमका वाकडमानीच्याच वाट्याला. तिनं मान कलती केली आणि वाचलं. बाई मरते. सरदार तेव्हाही काही बोलत नाही, कोमट पाणी तेवढं तिच्या ओठांना लावतो. ती गेल्यावर मात्र रिकाम्या खोलीत दिवसभर बोलत राहतो, पिसं गळत राहतात, आणि शेवटी तिची औषधांची पिशवी खांद्याला लावून पायी डोंगर उतरतो.

हे कसं सांगायचं? त्या संध्याकाळी तिनं आपला शेवट रचला. "तो तिचा हात धरून म्हणतो, तू माझा जीव आहेस. तिचा ताप उतरतो. मग दोघं उडून जातात."

धाकटीनं उशाशी असलेल्या दुसऱ्या भागावर हात ठेवला. मग म्हणाली, "तो असं बोलणार नाही."

"बोलला ना पण."

"ताई, दोन भाग शिवलेत मी. तुझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखते. ती मरते ना?"

थोरली उगाच चादर सारखी करत राहिली.

"फर्मा आण. तोंडी नको. तू मध्ये दया घालतेस."

दुसऱ्या दिवशी वाकडमानीनं एकवीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. चोविसावा फर्मा पोलक्यात सरकवला. पण शिलाईला जाणारी एक प्रत त्यानं बारीक झाली असती आणि मुकादमाच्या बोटांना जाडी लगेच कळते. म्हणून तिनं त्या प्रतीत तेविसाव्यावर आणखी एक तेविसावाच चढवला.

घरी तिनं सोळा पानं वाचली. आवाज कुठेही खाली नेला नाही. धाकटी डोळे मिटून ऐकत होती, शिलाईच्या सवयीनं बोटं घडीच्या कडेवरून फिरत होती.

"हां," ती म्हणाली. "हा तो."

"शेवटपर्यंत बोलला नाही मेला," थोरली रडत म्हणाली.

"तिला माहीत होतं गं. रोज पाणी कोण तापवतं?" जरा थांबून तिनं श्वास गोळा केला. "मलाही दे थोडं."

थोरली उठली आणि पाणी कोमट करून घेऊन आली. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गेली. थोरली तेव्हा कारखान्यात होती, मावशी धावत बोलवायला आल्या.

पुस्तक बाजारात गेलं आणि महिन्याभरात एक प्रत तक्रारीसह परत आली. मालकांनी ती टेबलावर आपटली. "तेविसावा दोनदा! कोणाचा हात हा?"

 मुकादम खाली बघत राहिला, त्याला घडी ओळखता येत होती. वाकडमानीच उभी राहिली. "माझा. चुकून नाही, मुद्दाम. चोविसावा मी घरी नेला."

मालकांना कारण ठाऊक होतं, पण नियम त्यांचाच होता. तिला त्याच दिवशी घरी बसवलं. जाताना तिनं एवढंच मागितलं, "ती प्रत रद्दीत टाकू नका. मला द्या."

आता ती प्रत तिच्या उशाशी असते आणि चोविसावा फर्मा कपाटात. सुई आहे, दोरा आहे, तासाभरात तो जागच्या जागी बसवता येईल. पण तिनं तो अजून शिवलेला नाही. त्या प्रतीत हाडवैद्य बाई तापानं अंथरुणाला खिळते, पान उलटावं तर पुन्हा नव्यानं खिळते, सरदार पुन्हा चुलीपाशी जातो, आणि पाणी तापायला ठेवलेलं असतानाच पुस्तक संपतं.