कार्डांवरचे कुंकू

१९८३ सालच्या खंडेनवमीला बोरीवलीच्या आमच्या घरात पाटावर कॉम्प्युटरची कार्डे पुजली गेली.

गिरणीच्या संपाआधी दरवर्षी तिथे वडिलांचे पाने असत. ते गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी उघडली नाही. पाने आतच राहिले. आईने रांगोळी काढली, रिकाम्या पाटाकडे पाहिले आणि मला विचारले, "तुझी हत्यारां खंय आसत?"

मी अंधेरीच्या एका कार्यालयात हवामानाच्या नकाशांवर हाताने आकडे भरत असे. उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे मात्र टेपवर येत, नुसत्या आकड्यांच्या रूपात, आणि एका चित्रातले आकडेही हाताने भरून संपले नसते. म्हणून साहेबांनी मला प्रोग्रॅम लिहायला शिकवले होते. आकडे वाचून ढगांचा नकाशा छापणारा माझा प्रोग्रॅम चालला, तर प्रोग्रॅम विभागात बदली. नाही तर पुन्हा जुने टेबल. मशीनची वेळ क्वचित मिळे. ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे भोके पाडलेले एक कार्ड. तपासायला घरी आणलेला गठ्ठा मी पाटावर ठेवला.

"ह्यां कसलां हत्यार? हे तर पुठ्ठे," आई म्हणाली.

"पान्यांपेक्षा हलकी, इतक्यांच," वडील म्हणाले. "लाव कुंकू."

आईने ओले हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या, झेंडूचे फूल ठेवले. दसरा झाल्यावर मी फूल काढले आणि गठ्ठ्याला रबर लावले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मशीनने पहिले कार्ड ओढले, करकर आवाज केला आणि ते थांबले. ऑपरेटरने झाकण उघडले. वरचे कार्ड फाटले होते, खालची दोन कुंकवाने एकमेकांना चिकटली होती. त्यांच्यामागून तांदळाचा दाणा निघाला.

"मॅडम, पीठ जाडं हवं की बारीक?" त्याने विचारले.

माझी मुलुंडची मैत्रीण तिथेच कार्डांना भोके पाडण्याचे काम करी. ती हसत सुटली. "वाट लागली गं तुझी! सत्यनारायण पण घालायचास ना!" मग कोरी कार्डे घेऊन ती आपल्या यंत्राशी बसली. "रडतेस काय? बोल, मी पाडते."

कार्डांच्या कडेला छापलेली ओळींची अक्षरे कुंकवाखाली दिसत नव्हती. पण त्या ओळी मला पाठ होत्या. मी सांगत गेले, ती पाडत गेली. आमची वेळ संपायच्या आत गठ्ठा पुन्हा मशीनमध्ये गेला.

प्रिंटरमधून कागदाच्या पट्ट्या आल्या. ढग असेल तिथे अक्षरे दाट, आकाश मोकळे असेल तिथे कोरा कागद. आम्ही त्या फरशीवर शेजारी शेजारी चिकटवल्या. जवळून नुसती अक्षरेच दिसत, म्हणून साहेब स्टुलावर चढले.

"हे कोकणावरचे ढग," ते म्हणाले. "सोमवारपासून तुम्ही प्रोग्रॅम विभागात बसा."

नकाशाची जादा प्रत मी घरी नेली. वडिलांनी ती भिंतीला टेकवून उभी केली, मागे सरकले आणि बोट दाखवले. "आपलो गाव ढगाखाली आसा."

पुढच्या खंडेनवमीला पाटावर कार्डांचा खोका होता. आईने कुंकू झाकणाला लावले.