डोंगरातला चुकलेला पाट

माझ्या ताईला कारखान्यात सगळे मोजपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची हिंमत नाही. कारखाना म्हणजे आमचं दारं-खिडक्या बनवायचं दुकान: पुढे गिऱ्हाईक, मागे करवत आणि मधे बाबा. लहानपणी ती तयार चौकटींना पट्टी लावत फिरायची आणि कुठे सूतभर फरक सापडला की बाबांना शोधत यायची. बाबा वैतागायचे, पण चौकट पुन्हा खोलायचे.

पुढे ती शिकली आणि पुरातत्त्व खात्यात लागली. खड्डे खणून मडकी काढणं मात्र तिच्या वाट्याला आलं नाही. तिचं काम उघड्या रानातलं. जुने बांध, मोडलेल्या वाटा, बुजलेले तलाव. जमिनीला माणसाचा हात कुठे लागलाय ते ओळखायचं आणि नकाशावर आणायचं. मी चिडवायचो, "म्हणजे सरकार तुला भटकायचा पगार देतं?" ती म्हणायची, "हो. तुला नाही का लोक भुसा उडवायचे पैसे देत!"

चेष्टा चालली होती तोवर बरं होतं. मग गावाबाहेरून नवा रस्ता निघाला. आधीच्या आराखड्यात तो डोंगराच्या उतारावरून जाणार होता. तिथे झुडपांत दडलेली एक लांबट खाच होती. रस्त्याचे इंजिनियर म्हणाले, पावसाच्या पाण्यानं पडलेली ओघळ आहे, बुजवून टाकू. ताईला वाटलं, हा माणसांनी खणलेला पाण्याचा जुना पाट असावा. तसं ठरलं तर उतार राखला जाणार होता आणि रस्ता खाली सरकणार होता. खाली म्हणजे आमच्या कारखान्यावर.

कारखाना आपल्याच घरचा आहे हे तिनं खात्यातल्या साहेबांना आधीच सांगून टाकलं. साहेब हसले म्हणे, "मग पाट निघाला तर तुमच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी करणार नाही." त्यांना हसायला काय जातंय!

त्या संध्याकाळी तिनं घरीही सांगितलं. उभ्या उभ्याच, बूट न काढता. बाबा रंधा मारत होते. त्यांनी हात थांबवला नाही. मी मात्र घर डोक्यावर घेतलं.

"वारसा वारसा म्हणतेस, तिथे काय किल्ला आहे की राजवाडा? एक खाच! कोणी बघायला तरी येतं का?"

"वारसा काय फक्त राजांनीच ठेवायचा? त्या पाण्यावर शेतं झाली असतील, शेतांवर गाव. तू ज्या गावात ओरडतोयस, तेच."

"असतील! म्हणजे तुलाच अजून नक्की माहीत नाही."

"नाही माहीत. म्हणून तर मोजतेय."

"मग ओघळ लिही आणि मोकळी हो."

बाबा इतकंच म्हणाले, "त्या करवतीवर तू मोठी झालीस." आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

ती रोज डोंगरावर जात राहिली. उन्हानं नाक सोललं, काट्यांनी हात फाडले, पण हेका सोडला नाही. घरी यायची, बाबांसमोर बसून जेवायची. ते भिंतीकडे बघायचे. ताटावरून उठून जाईल असं मला वाटायचं, ती मागून आणखी भात घ्यायची.

एका रविवारी मीच तिच्याबरोबर गेलो. तिला खोटं पाडायला गेलो होतो, उगाच चांगुलपणा कशाला सांगू? खाच डोंगराला वळसा घालत खिंडीकडे चालली होती. मी म्हटलं, "पाणी वाट्टेल तसं वळतं." ती मला झुडपांत वाकायला लावून पुढे घेऊन गेली. एका ठिकाणी खाच कातळात शिरली आणि एकदम संपली. समोर सरळ दगड. दगडावर छिन्नीचे घाव.

"आता वर बघ," ती म्हणाली.

वर, माझ्या डोक्याच्याही वर, दुसरी खाच होती. तिला उतार जवळजवळ नव्हताच. ती सरळ खिंडीतून पलीकडे, गावाच्या शेतांकडे गेली होती.

मग माझ्या लक्षात आलं. पहिला पाट खणताना उतार जास्त झाला होता. तसाच पुढे नेला असता तर पाणी खिंडीच्या खाली येऊन अडलं असतं, आणि पाणी काही चढत नाही. हे कळलं तेव्हा इतका कातळ फोडून झाला होता. कुणीतरी छिन्नी खाली ठेवली असेल, कपाळावर हात मारला असेल, शिव्या दिल्या असतील. आणि मग सगळे मागे गेले आणि वरून नव्यानं सुरुवात केली.

"ओघळ चुकत नाही," ताई म्हणाली. "आणि चुकून परत वर जाऊन तर मुळीच खणत नाही."

लाकडातल्या चुकलेल्या खाचा मी रोज बघतो, त्यातल्या निम्म्या माझ्याच असतात. त्या घावांवरून हात फिरवला. मला तिचा भयंकर राग येत होता, आणि ती खरं बोलत होती.

तिनं अहवाल दिला. इंजिनियर जागेवर आले, दोन्ही खाचा बघितल्या, आणि रस्ता खाली सरकला. कारखाना पडला त्या दिवशी ती रजा टाकून आली. करवतीच्या पायाचे बोल्ट गंजले होते, ते तिनंच खोलले. बाबांनी तिच्या हातून पान्हासुद्धा घेतला नाही. भरपाईत गावाच्या टोकाला पत्र्याची शेड मिळाली, पण भरपाईत गिऱ्हाईक मिळत नाही. कित्येक दिवस बाबा आणि मी रस्त्याकडे तोंड करून नुसते बसून असायचो.

परवा एक माणूस खिडकीचं माप घेऊन आला. नव्या रस्त्यानं आला होता आणि वैतागला होता.

"सरळ डोंगरावरून नेता आला असता की! मधेच एवढं वळण. कुठल्या शहाण्यानं वाकवला हा रस्ता?"

मी मान खाली घातली. बाबांनी त्याच्या हातातला मापाचा कागद घेतला, चष्मा लावला.

"माझ्या मुलीनं," ते म्हणाले. "आणि बरोबर वाकवलाय."

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी कसाबसा थांबलो. मग शेडच्या मागे जाऊन ताईला फोन लावला आणि शब्द न शब्द सांगितला.

"आहेस ना?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "पुन्हा सांग."