साडूभाऊ आणि जहाजाचा कोपरा

अख्ख्या वऱ्हाडात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, एका गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून हे गृहस्थ जहाजांच्या सांगाड्याची ताकद तपासतात. काम येतं किनाऱ्यावरच्या एका कचेरीकडून. कोणतीही वस्तू दिसली की ती कुठून तुटेल हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परतवाड्याच्या एका लग्नात भर पंगतीत ते पापड बोटानं इतका वेळ दाबत बसले, की वाढप्याला वाटलं, पापडात काही निघालं.

एकदा मी कामाबद्दल विचारलं, तर त्यांनी मच्छरदाणीच आणली. चार टोकं घरच्यांच्या हातात दिली आणि मधोमध खरबूज ठेवलं. "आता पाह्य भाऊ, कोनती गाठ जास्त तानून राहिली ते सांग." जहाजाचंही तेच. संगणकात त्याचे लाखभर बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा शेजारच्याशी बांधायचा आणि लाटांचा, मालाचा भार टाकायचा. ज्याला ताण सोसवत नाही तो तुकडा पडद्यावर लाल होतो. हे समजावता समजावता मच्छरदाणी फाटली, आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीनं, दोन दिवस अबोला धरला.

मागच्या वर्षी एक मालवाहू जहाज त्यांच्याकडे तपासायला आलं. माल उतरवायला डेकवर चौकोनी तोंड असतं, त्याच्या एका कोपऱ्याची गोलाई अपुरी होती. मोठ्या तुकड्यांत तो कोपरा हिरवा दिसे. साडूभाऊंनी तिथले तुकडे आणखी बारीक केले, तर लालभडक! त्यांनी कळवलं, गोलाई वाढवा, पत्रा जाड लावा. कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले, "नियमात बसतंय. सही करा."

"नियमात बसत असन साहेब, माह्या मनात नाही बसून राहिलं."

सही दुसऱ्या कोणीतरी केली. जहाज पाण्यात गेलं, आणि साडूभाऊंकडे येणारं काम थांबलं. तरी रोज सकाळी ते संगणक लावून तोच कोपरा बघत बसत. ताई म्हणत, "काहून जीव जाळून राहिले? जहाज त्यायचं, समुद्र त्यायचा."

असे आठ महिने गेले. दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे बसलो असताना साहेबांचा फोन आला. नेमक्या त्याच कोपऱ्याला वीतभर तडा गेला होता. जहाज वेळेवर बंदरात आणलं, कोणाला इजा नाही. "तुमचं बरोबर होतं. परत कामाला लागा," साहेब म्हणाले. ताईंनी देवापुढे साखर ठेवली. मी साडूभाऊंची पाठ थोपटली.

"सतरा मानसं होती त्याच्यावर," ते म्हणाले.

"अहो, पण सगळे सुखरूप आहेत ना!"

"हायेत. पन खरं सांगू, भाऊ? हे आठ महिने मले रोज वाटे, एकदाचा तिथं तडा जावा."

ताईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. ती तशीच मुठीत धरून ते कितीतरी वेळ खिडकीशी उभे राहिले.